एक हात बटनावर

मांजरी बुद्रुक, पुणे
२ मार्च २००१

सौ. सत्यशीला अक्का यांना शंभूचा साष्टांग नमस्कार.

पत्र लिहिण्यास कारण की, आपल्या द्वारकाला परवा रसवंतीत अपघात झाला. उसाच्या मशिनीच्या पट्ट्यात वेणी अडकली आणि डोक्याला लागलं. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात हलवलं आहे. ऑपरेशन झालं, जिवाला धोका नाही. यंत्र आहे, यंत्राला काय कळतंय? मी तिला शंभर वेळा बजावलं होतं की मशिनीपाशी केस मोकळे सोडून येत जाऊ नकोस. ऐकेल तर शपथ.

आपला पाय प्लास्टरात आहे असं कळलं, तेव्हा आपण येण्याची दगदग करू नये. साडूभाऊंनाही उगाच हेलपाटा नको. आत कुणाला सोडत नाहीत. मी आणि आई तिच्यापाशीच आहोत. आईने तर जेवण टाकलंय.

काळजी नसावी.

आपला,
शंभू


औसा, जि. लातूर
१० मार्च २००१

द्वारके,

नमस्कार-चमत्कार राहू दे बाजूला. तुझ्या नवऱ्याचं पत्र आलं त्याच दिवशी मी तुझ्या दाजींना गाडीत बसवून दिलं. तर तुझा नवरा त्यांना स्टँडवरच भेटला. हॉटेलात नेलं, मटण खाऊ घातलं, वर दोन पेग पाजले, आन पुढच्या एशियाडनं परत पाठवलं. आले घरी आन मला सांगतात, "पावणे लई चांगले हायत गं, रडत होते." मी म्हटलं, माझ्या बहिणीचं तोंड बगितलं का? तर न्हाई. माझा पाय प्लास्टरात हाय म्हणून उत्तरेश्वरराव वाचले. एक काम मात्र शहाण्यासारखं केलं. दवाखान्याचं नाव आन वॉर्ड विचारून आले. म्हणून हे पत्र तुझ्या घरी न्हाई, तिथं पाठवतेय.

आता माझं ऐक. वेणी अडकली म्हणे. तुझी? धोंडिबा गिरणीवाल्याच्या पोरीची?

विसरलीस का? एवढीशी होतीस, वेणी सोडून गिरणीत नाचत आलीस. आबांनी तुला मारलं न्हाई, बोलले न्हाईत. कात्री घेतली, तुझी वेणी कापली आन तुझ्यादेखत चालत्या पट्ट्यावर टाकली. सुऽर्रकन आत गेली. "बग, हे तुझं डोकं होतं," म्हणाले. हप्ताभर तुझ्या घशाखाली घास उतरला न्हाई. त्या दिवसापासनं आपण दोघी अंबाडा घट्ट बांधल्याबिगर, पदर खोचल्याबिगर पट्ट्याजवळ गेलो न्हाई. आन एक हात कायम बटनावर. डोळे मिटून बटन सापडलं पायजे म्हणून आबा आपल्या डोळ्याला फडकं बांधायचे, आठवतं का?

मी आजबी गिरणी तशीच चालवते. मग तू तिकडं केस मोकळे सोडून मशिनीत वाकलीस हे मला सांगू नको. अंबाडा आपोआप सुटत न्हाई. तुझा कुणी सोडला तेवढं सांग.

अक्का


पुणे
१७ मार्च २००१

अक्का,

डोळे सुजून मिटलेत म्हणून सलोनीताई तुझं पत्र वाचून दाखवतायत आणि माझं लिहून घेतायत. तू म्हणतेस तसं काही नाही. त्या दिवशी नाहून आले होते, केस ओले होते म्हणून अंबाडा सैल बांधला. माझीच चूक. यांचा काही दोष नाही. यांनी माझ्यासाठी स्वतःचं रक्त दिलं. रोज येऊन पायाशी बसतात. जोडलेली कातडी जीव धरतेय असं डॉक्टर मॅडम म्हणतात. तू उगाच आरडाओरडा करू नकोस आणि दाजींना बोलू नकोस.

द्वारका

सत्यशीलाताई, नमस्कार. इथवरचं पत्र द्वारकाने सांगितलं तसं, एक शब्द इकडचा तिकडे न करता उतरवलं आहे. आता खालचं माझं, आणि ते मी तिला वाचून दाखवणार नाही.

माझं नाव सलोनी. मूळची बुधवार पेठेतली, आता मांजरीच्या नव्या सोसायटीत राहते, कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरी करते आणि कंपनीतून येताना द्वारकाकडे रस पिते. आमची ओळख तेवढीच होती. आता जरा जास्त झाली आहे.

त्या संध्याकाळी तिच्या नवऱ्याचे मित्र बाकावर येऊन बसले होते. मी घाईत होते, म्हणून तिने माझा ग्लास आधी भरला. एवढंच. मलाही आधी वाटलं होतं की काहीतरी मोठं कारण असणार, पण नाही, एवढंच. तो उठला. "माझ्या माणसांच्या आधी हिला देतेस?" म्हणाला आणि मागून तिचा अंबाडा धरला. घट्ट होता, ताई. ओला वगैरे काही नव्हता. पिना तुटून माझ्या चपलेवर पडल्या. तिचे केस मनगटाला गुंडाळून त्याने तिचं डोकं मशिनीकडे दाबलं. "बघ आत, बघ, कुणाचं आधी ते," असं म्हणत होता आणि मित्र हसत होते. त्याला नुसतं घाबरवायचं होतं, असं तेच मित्र नंतर हवालदाराला सांगत होते. पट्ट्याने एक बट पकडली. मग याने हात सोडला. मशीन काही सोडेना.

तुम्ही बहीण आहात म्हणून लिहायला हात धजत नाही, पण तुम्ही गिरणीवाल्या आहात म्हणून लिहिते. भुवयांपासून मानेपर्यंत सगळी कातडी केसांसकट निघून आली. कवटीचं हाड उघडं पडलं. गिऱ्हाइकाला ऐकू जावं म्हणून चाकाला घुंगरं बांधतात ना, ती वाजत होती आणि त्याच चाकाला गुंडाळून ती कातडी गरगर फिरत होती. बटनापाशी तिची सासू उभी होती. हात लांब केला असता तर पोचला असता. भीतीने गोठल्या असतील, असं कुणी म्हणेल. मी म्हणणार नाही. मी बाकावरून उडी मारली आणि बटन बंद केलं.

मग तिचा नवरा ती कातडी उचलून बर्फाच्या पेटीत टाकायला निघाला आणि सासूबाई हळदीचा डबा घेऊन आल्या. मी त्याच्या हातातून हिसकावली. आमच्या कंपनीत प्रथमोपचारावर व्याख्यान झालं होतं. मी खरं तर फुकटच्या समोशांसाठी गेले होते, पण तुटलेला भाग थेट बर्फात ठेवला की गोठून मरतो, एवढं डोक्यात राहिलं होतं. ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळली, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधलं आणि मग ती पिशवी बर्फात. रसातलाच बर्फ. शेजारच्या टेम्पोत द्वारकाला घातलं आणि मी ती पेटी मांडीवर घेऊन बसले. वाटेत ती एकदाच बोलली. "मशीन बंद केली का?"

दवाखान्यात नीरजा मॅडम म्हणून डॉक्टर आहेत. त्यांनी पिशवी उघडली, पाहिली आणि म्हणाल्या, जोडता येईल. दुर्बिणीखाली, केसाहून बारीक दोऱ्याने एकेक रक्तवाहिनी शिवायची. पण त्याआधी कातडीवरचे केस भादरावे लागतील, आणि नवऱ्याची सही हवी. झालं. सासूबाई दारात आडव्या झाल्या. "माझा लेक धडधाकट असताना सुनेचं डोकं भादरायचं? ती काय रांडाव झालीय? केसांसकट शिवा, नायतर ऱ्हाऊ द्या." मॅडमनी हात जोडून सांगितलं की रक्ताशिवाय ती कातडी मरत चालली आहे, जेवढा उशीर तेवढं नुकसान. आणि हा पुरुष आपल्या आईच्या तोंडाकडे बघत बसला.

मी त्याला कोपऱ्यात नेलं. म्हटलं, सही कर, नाहीतर तो समोर हवालदार बसलाय त्याला आत्ता जाऊन सांगते मी काय पाहिलं ते. त्याने सही केली. मग मी हवालदाराला जाऊन सांगितलंच. सांगणार नाही असा शब्द मी कुठे दिला होता?

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत चाललं. पण माझ्या जबाबाचं पुढे काही झालं नाही, कारण शुद्धीवर आल्या आल्या द्वारकाने सांगितलं, आपोआप अडकलं. मी तिच्यावर चिडले आहे आणि तरी रोज येते. तुम्ही तिला समजवा. माझं ती ऐकत नाही.

सलोनी


औसा
२६ मार्च २००१

द्वारके,

त्या सलोनीताईंचे पाय धुऊन पाणी पिलं तरी कमी हाय. तिनं मला सगळं लिहिलं, आन तुला न सांगता लिहिलं म्हणून तिच्यावर डाफरू नको.

त्या भाड्याचं तळपट होवो. त्याचा मुडदा मी माझ्या हातानं बशिवीन. पाय मोकळा झाला की कोयता घेऊन येते, आन आधी त्याचं मनगट तोडते, ज्या मनगटाला माझ्या बहिणीचे केस गुंडाळले ते. मग त्या थेरडीला त्याच मशिनीसमोर बशिवते आन विचारते, बटन कुठं हाय गं बाई? मी हे रागानं लिहीत न्हाई. राग ते पत्र वाचलं त्या दिवशी होता. आता मी भाकरी थापते, दळण दळते आन तेच मनात घोळवते.

आन तू! त्यानं रक्त दिलं म्हणतेस? किती सांडलं ते मोजलंस का? तुझी कवटी उघडी पडली बये, आन तू त्याच्यासाठी हवालदाराशी खोटं बोललीस. तुला काय देऊ, शाबासकी?

जबाब बदल. न्हाई बदलायचा तर न्हाई, पण बरी झाल्यावर त्या घरात पाऊल टाकू नको. हिकडं ये. गिरणी हाय, मागची खोली हाय, तुझे दाजी माझ्यापुढं चकार शब्द काढत न्हाईत. तू परत त्या घरात गेलीस तर पुढच्या टायमाला बर्फ घेऊन धावणारं कुणी तिथं नसंल. तुझा जीव जाईल. मला दुसरी बहीण न्हाई.

अक्का


पुणे
१८ एप्रिल २००१

अक्का,

आज पहिल्यांदा माझ्या हाताने लिहितेय, अक्षर तिरकं गेलं तर समजून घे.

तू मला मनातल्या मनात शिव्या देत असशील, त्या दे. पण माझं काय काय झालं ते ऐक तरी. मॅडम म्हणतात की एवढी मोठी कातडी एका बाजूच्या एकाच धमनीवर तगली. रक्त आत येत होतं पण परत जायला वाट नव्हती, म्हणून डोकं निळं-काळं पडायला लागलं. तर त्यांनी जळवा आणल्या. आपल्या म्हशीच्या पायाला ओढ्यात लागायच्या तसल्याच. माझ्या डोक्यावर सोडल्या, त्या साचलेलं रक्त पिऊन टम्म होऊन गळून पडायच्या आणि नर्सबाई दुसऱ्या लावायच्या. मी डोळे मिटून आबांचं नाव घेत पडायची. उशी रोज लाल व्हायची. शेवटी नव्या शिरा फुटल्या आणि रंग परत आला. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, मी पाहिलं.

आता केसांचे खुंट आलेत. कपाळाच्या वर मात्र मला काही लागत नाही. चिमटा घेतला तरी कळत नाही, गरम पाणी कळत नाही. हात फिरवला की दुसऱ्याच कुणाचं डोकं चाचपतेय असं वाटतं. मॅडम म्हणाल्या, हे असंच राहील बहुतेक.

अक्का, मी मांजरीला परत जाणार आहे. ओरडू नकोस. यांनी खंडोबाची शपथ घेतलीय, पुन्हा अंगाला हात लावणार नाही म्हणून. माझ्या पायावर डोकं ठेवून रडले, सगळ्या वॉर्डाने पाहिलं. आणि खरं सांगू, रसवंती माझी आहे. ती जागा मी शोधली, ऊस मी निवडते, आलं किती नि लिंबू किती हे माझ्या हाताला ठाऊक. समोर बिल्डिंगा उठतायत, कंपनीची पोरं-पोरी रांग लावतात. ते सगळं त्या दोघांच्या घशात घालून मी तुझ्या मागच्या खोलीत येऊन बसू? नाही जमायचं मला.

तुझी,
द्वारका


औसा
२९ एप्रिल २००१

द्वारके,

रडणारा पुरुष पाहून विरघळणारी तू पहिली न्हाईस. जा. पण त्या घराची पायरी मी चढणार न्हाई, आन तुला पत्रबी टाकणार न्हाई. तुझं बरं चाललंय हे ऐकून मला खरं वाटणार न्हाई, वाईट चाललंय हे मला ऐकवणार न्हाई.

एकच सांगते. केस वाढवू नको. कापून टाकत जा. त्याला धरायला काही ठेवू नको.

अक्का


मांजरी बुद्रुक
११ नोव्हेंबर २००२

अक्का,

दीड वर्ष तू खरंच पत्र टाकलं नाहीस. एवढा हट्ट आबांचाही नव्हता.

माझं बरं चाललंय. केस चांगले खांद्याखाली आलेत. कापणारच होते, पण सासूबाईंनी कापू दिले नाहीत. स्वतः बसून तेल लावतात आणि आल्यागेल्याला दाखवतात, "बघा, माझ्या लेकाच्या नशिबानं सुनेचं डोकं परत भरलं." मॅडमचं नाव कुणी घेत नाही. रसवंती जोरात आहे. समोरच्या कंपनीत आता शिफ्टा चालतात, गर्दी ओसरत नाही.

सलोनीताईंची बदली बंगळूरला झाली. जाताना भेटायला आल्या होत्या, पण मला बाहेर येता आलं नाही. यांना त्या आवडत नाहीत.

दिवाळीत दारात घसरून पडले, त्यात दोन दात गेले आणि मनगट मुरगळलं. आता बरं आहे. तू काळजी करू नकोस. काही तरी लिही गं. शिव्या दिल्यास तरी चालतील.

द्वारका


औसा
२० नोव्हेंबर २००२

द्वारके,

दारात घसरलं की ढोपर फुटतं. दात जात न्हाईत.

बोलले होते की पत्र टाकणार न्हाई, पण आता ते कुठलं राहतंय. अगं, परत मारतोय तुला. मेल्यावर मला तार करशील का? मागची खोली मी अजून कुणाला दिली न्हाई. ये म्हणते ना. न्हाई यायचं तर निदान आबांनी शिकवलेलं तरी विसरू नको. मशिनीपाशी असशील तेव्हा एक हात बटनावर ठेव. त्या घरात तुझ्या बाजूनं दुसरं कोण हाय?

अक्का


मांजरी बुद्रुक
३ एप्रिल २००३

सौ. अक्कास,

कळवण्यास वाईट वाटतं की काल यांना रसवंतीत अपघात झाला. डावा हात उसाच्या चरकात गेला. दवाखान्यात नेलं, जिवाला धोका नाही, पण हात मनगटापासून गेला. आपोआप अडकला. यंत्र आहे, यंत्राला काय कळतंय?

तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी कळवावं म्हणून लिहिलं. तू येण्याची घाई करू नकोस.

द्वारका


औसा
९ एप्रिल २००३

द्वारके,

"यंत्राला काय कळतंय?" हे वाक्य मी आधी वाचलंय. दोन वर्षांमागं तुझ्या नवऱ्यानं लिहिलं होतं. ते पत्र मी फाडून चुलीत घातलं, पण वाक्य गेलं न्हाई.

मी हवालदार न्हाई आन त्याची आईबी न्हाई. मी तुझी बहीण हाय, आन आपण दोघी एकाच गिरणीत वाढलो. दाजींना हे पत्र दाखवणार न्हाई, तुझंबी दाखवणार न्हाई. फक्त एक विचारते, खरं सांग.

तुझा हात कुठं होता?

अक्का


मांजरी बुद्रुक
१६ एप्रिल २००३

अक्का,

तू विचारलंस, तर ऐक.

शंभूने माझा अंबाडा धरला. या वेळी कारण म्हणजे रस पातळ झाला. बाकावर त्याचा कुणी दोस्त बसला होता, त्याने तोंड वाकडं केलं, तेवढंच पुरलं. पिना पडल्या. केस उजव्या मनगटाला गुंडाळले आणि डोकं दाबलं, त्याच जागी. "एकदा शिवून आलीस म्हणून माज आला का?" म्हणाला. सासूबाई बाजूला उभ्या होत्या, मागच्यासारख्याच. चाकाची घुंगरं वाजत होती.

आणि अक्का, मला दुखलंच नाही. मागच्या वेळी कळ डोक्यात अशी घुसली होती की डोळ्यांपुढे अंधारी आली, बटन हाताला लागलंच नाही. या वेळी तो जीव खाऊन ओढत होता आणि मला नुसता झटका कळत होता. दुखत नव्हतं म्हणून मला सगळं नीट दिसत होतं. पट्टा कुठे, चाक कुठे, चरक कुठे, त्याचे पाय कुठे. माझा उजवा हात बटनावर होता. मी मशिनीपाशी असले की तो तिथेच असतो, तुझं पत्र आल्यापासून तर कायमच.

मी एकदम खाली बसले. केस त्याच्या मनगटाला घट्ट गुंडाळलेले, त्यांच्यासकट तो पुढे ओढला गेला. तोल सावरायला त्याने डावा हात टेकला, तो ऊस घालतात त्या जागी. चरकाने बोटं धरली.

तो ओरडला, "बंद कर." सासूबाई छाती बडवत ओरडल्या, "बंद कर गं, बंद कर, माझं लेकरू." मला दोघांचंही ऐकू आलं. घुंगरंही ऐकू येत होती.

मी बटन बंद केलं. लगेच नाही केलं.

मनगट आत गेलं तेव्हा केलं. मला कुणी ढकललं नाही, मी गोंधळले नाही, बटन शोधावं लागलं नाही. हे तुला एकटीला सांगतेय आणि पुन्हा कधी सांगणार नाही. मला वाईट वाटतं का असं विचारशील, तर रात्री त्याची ती किंकाळी ऐकू येते आणि मी उठून बसते. पण मग स्वतःच्या डोक्याला हात लावते आणि झोपते.

मग मी जे करायचं ते सगळं केलं. सलोनीताईंनी केलं तसंच. चरकाच्या पलीकडून जे तुटून बाहेर आलं ते ओल्या फडक्यात गुंडाळलं, पिशवीत घातलं, तोंड बांधलं, बर्फात ठेवलं आणि पेटी मांडीवर घेऊन टेम्पोत बसले. नीरजा मॅडमनाच बोलावलं होतं. त्यांनी पिशवी उघडली, आधी आत पाहिलं, मग माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "द्वारका, फाटलेलं मी जोडते. हे चिरडलंय. हे जोडता येत नाही," म्हणाल्या. मी मान हलवली. ते मला ठाऊक होतं.

हवालदार तोच होता. त्याने मला विचारायच्या आधी शंभूला विचारलं, कसं झालं? शंभू माझ्याकडे बघून म्हणाला, "आपोआप अडकला." दुसरं काय सांगणार? दुसऱ्या हातात काय धरलं होतं तेही मग सांगावं लागलं असतं. सासूबाईंनी तोंड उघडलं होतं, त्याने त्यांना गप्प बसवलं. मी म्हटलं, हो, आपोआपच. हवालदाराने आमच्या दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने पाहिलं आणि लिहून घेतलं.

आता तो आतल्या खोलीत पडून असतो. सासूबाई त्याला भरवतात. माझ्याशी दोघंही बोलत नाहीत, आणि मी जवळून गेले की शंभू उरलेला हात पांघरुणात ओढून घेतो. काल मी केस कापून घेतले, मानेपर्यंत. सासूबाई बघत राहिल्या.

परवा रसवंती उघडली. कंपनीची पोरं आली, रांग लागली. बटनापाशी मी कुणाला उभं राहू देत नाही.

तू म्हणाली होतीस, या घराची पायरी चढणार नाही. ती मोड आता. ये. बाकावर बस. कुणीही आलेलं असू दे, तुझा ग्लास आधी भरीन.

तुझी,
द्वारका